नाणं पाहायचं चार माणसांत

१२ जानेवारी, रविवार

आज पहिलं गिऱ्हाईक घरी येऊन गेलं, म्हणून ही वही काढली. पिंकीला दवाखान्यात औषधाच्या कंपनीवाल्यांनी दिलेली आहे. वर गोळीचं चित्र आहे, पण कागद चांगला आहे.

एसटीत मी चौतीस वर्षं कंडक्टरी केली. बॅगेत एखादं वेगळं नाणं आलं की आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं टाकायचं आणि ते काढून ठेवायचं. असं करत करत घरात सातशेच्या वर नाणी झाली. कौसल्या होती तेव्हा म्हणायची, "लोकांच्या नवऱ्याले पगार भेटते, माह्यावाल्याले चिल्लर भेटते." ती जाऊन तीन वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी नाण्यांची पुस्तकं वाचली, वजनकाटा घेतला, भिंग घेतलं. गेल्या महिन्यात एका लग्नात दोघातिघांची नाणी पाहून दिली तर ते माझा नंबर वाटत सुटले. असली की नकली, किंमत किती, हे विचारायला आता रोज फोन येतात. पिंकी म्हणाली, "बाबा, पन्नास रुपये घेत जा. फुकटच्या सल्ल्याले कोणी मानत नाही." तर पन्नास.

आजचे गृहस्थ जितेंद्र नावाचे. चाळिशीचे, इस्त्रीचे कपडे. त्यांचं नाणं साधंच होतं, पाव आण्याचं, पण माणसाची जिज्ञासा काय वर्णावी! माझ्याकडे किती नाणी आहेत, चांदीची कोणती, कपाट लाकडी की लोखंडी, सगळं विचारलं. मागच्या खिडकीच्या जाळीचंही कौतुक केलं. मुलगी ड्यूटीवर किती वाजता जाते, मग तुम्ही एकटेच असता काय, कुठे बाहेर जाता की नाही, अशी आपुलकीने चौकशी केली. आजकाल परक्या म्हाताऱ्याची एवढी विचारपूस कोण करतं? दोन कप चहा झाला. बोलण्याच्या नादात पन्नास रुपये द्यायचे मात्र त्यांचे राहून गेले.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी मी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर मागच्या खिडकीच्या जाळीचे दोन स्क्रू निघालेले आणि जाळी वाकलेली. शेजारचा कुत्रा भुंकला म्हणून जो कोणी होता तो पळाला असावा. गेलं काहीच नाही. मी पिंकीला म्हटलं, वाऱ्याने झालं असेल.

"वाऱ्याजवळ पेचकस होता काय, बाबा?"

तिचं मन वळवावं म्हणून मी जितेंद्ररावांबद्दल सांगितलं, की बघ, या धंद्यात माणसं किती चांगली भेटतात. सगळं ऐकून ती डोक्याला हात लावून खाली बसली. मग त्यांना फोन लाव म्हणाली. फोन बंद आहे. कामात असतील.

पिंकी चौतीस वर्षांची आहे, वॉर्डात पन्नास पेशंट सांभाळते, आणि घरी आल्यावर मला एक्कावन्नावा समजते. आज तिने फर्मान काढलं. नाणी बँकेच्या लॉकरमध्ये. घरी कोणालाही बोलवायचं नाही. भेटायचं ते बाहेर, दिवसाउजेडी, चार माणसं असतील तिथे. घराचा पत्ता कोणी मागितला तर "मी येतो" म्हणायचं.

मला वाईट वाटलं. "आपल्या दारात आलेल्या माणसाले चहा बी नाई द्याचा काय वं?"

"टपरीवर द्या. दोन द्या."

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर जागा पाहत फिरलो. चौतीस वर्षं लोकांना कुठे उतरायचं ते सांगितलं, आता मलाच थांबा सापडत नाही.

सदर भागातल्या एका कॉफीच्या हॉटेलात गेलो. आत इतका अंधार की चांदीचा रुपया पितळी दिसायला लागला, आणि कॉफी एकशेऐंशीची. घोटभर प्यायलो आणि उठलो. बँकेत बसावं म्हटलं तर वॉचमनने तीनदा विचारलं, "काका, टोकन घेतलं काय?" मग कमाल चौकाकडे तर्री-पोह्याच्या ठेल्याजवळच्या बाकावर बसून पाहिलं. माणसं भरपूर, उजेड भरपूर, पण दहा मिनिटांत भिंगावर तर्रीचा थेंब. नाणं लाल झालं. पोहे मात्र झकास होते, दोन प्लेट खाल्ले.

२३ जानेवारी, गुरुवार

महाराजबागेत पहिली बाहेरची भेट. नरखेड तालुक्यातून मधुसूदन नावाचे शेतकरी आले होते. संत्र्याची बाग आहे. आजोबांच्या गाठोड्यात पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया सापडला म्हणे. आम्ही अकराची वेळ ठरवली होती. सावलीतल्या सगळ्या बाकांवर पोरंपोरी जोडीजोडीने बसलेली. आम्हा दोन म्हाताऱ्यांना एकमेकांना चिकटून बसलेलं पाहून त्यांनाच लाज वाटली असेल. शेवटी उन्हातलं एक बाक मिळालं.

रुपया रुमालातून निघाला तो चमचम करत. मी विचारलं, "हा धुतला काय?"

"धुतला नं. चिंच लावली, मंग राख लावली. तुमाले मळका कसा दाखवावा, देवरावभाऊ?"

दोनशे वर्षं टिकेल अशी चांदी, पण तिच्यावरचा काळाचा रंग एका सकाळी गेला. मी तोलायला घेतला तर हातातून निसटला आणि बाकाच्या फटीतून खाली, तिथून घरंगळत नालीच्या जाळीत. दोघं गुडघ्यावर. राखणदार आला, त्याला वाटलं आम्ही झाडाचं काही उपटतो आहोत. त्याला समजावलं तेव्हा त्यानेच काडीला चिकणमाती लावून रुपया वर काढला. मधुसूदनजी म्हणाले, "घ्या, मळला पुन्हा!" आणि असे हसले की मीही हसत सुटलो. नाणं असली निघालं. त्यांनी पन्नास रुपये दिले आणि वर एक पिशवी संत्री.

फाटकापाशी पिंकी भेटली. तिची कोणी मैत्रीण तिथे जवळच राहते म्हणे. मला कधी बोलली नव्हती.

२८ जानेवारी, मंगळवार

यावेळी सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन ठरवलं. कॅमेरे आहेत, गार्ड आहे, बसायला जागा आहे, वाराही नाही. अशी जागा आधी का सुचली नाही!

गिऱ्हाईक रुख्मिणीबाई. हिंगण्याला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात. वय पन्नाशीच्या आत. लोकमान्य नगरहून मेट्रोने आल्या. पदराच्या गाठीत दोन रुपयांचं नाणं, अकरा कोनांचं, मागे भारताचा नकाशा. साल १९९४.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिला त्यांनी, की हे नाणं पाच लाखांना जातं. व्हिडिओत नंबर होता. त्यावर फोन केला तर मुंबईचा एक "अधिकारी" बोलला. नोंदणीचे एकवीसशे त्यांनी पाठवलेसुद्धा. आता तो टॅक्सचे साडेअठरा हजार मागतो, मग पाच लाख घरपोच. मुलीला नर्सिंगला घालायचं आहे, त्यासाठी भिशीचे पैसे त्यांनी राखून ठेवले आहेत, ते देणार. फक्त देण्याआधी कोणाला तरी दाखवावं म्हणून माझ्याकडे आल्या.

मी म्हटलं, "बाई, हे दोन रुपयाचं नाणं हाय. मी हे पोत्यानं पाह्यलं. दोन रुपयाचं दोनच रुपये."

स्टेशनात माझा आवाज जरा घुमतो. बसमध्ये मागच्या सीटपर्यंत जायची सवय. आजूबाजूला पाचसहा जण उभे होते. कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, "माझ्या घरी बी दहा लाखांची चिल्लर पडली हाय, काकू!" सगळे हसले. मीही थोडा हसलो, म्हणजे वातावरण हलकं व्हावं म्हणून.

बाईंनी नाणं उचललं. "तुमालेच पाहिजे असन ते. म्हणून दोन रुपये सांगून राहिले." आणि ताडताड जिना उतरून गेल्या. पन्नास रुपये बाकावर ठेवून गेल्या.

मी खरं तेच सांगितलं. राग कशाचा आला, कळलं नाही. खरं ऐकायलाच तर आल्या होत्या ना?

रसाच्या दुकानापाशी पिंकी उभी होती. तिलाही आजच सीताबर्डीत काम निघालं.

२९ जानेवारी, बुधवार

रात्रीच्या भाकरीच्या वेळी पिंकीला कालचं सगळं सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "बाबा, आमच्याकडे पेशंटले रिपोर्ट सांगताना डॉक्टर आधी पडदा ओढतात."

मी म्हटलं, "तूच तर म्हणाली चार माणसांत भेटा."

"चार माणसांत भेटा म्हटलं. चार माणसांले सांगा नाही म्हटलं."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण भाकरी गोड लागली नाही. ते पन्नास रुपये मी वेगळे काढून ठेवले आहेत.

३१ जानेवारी, शुक्रवार

रुख्मिणीबाई फोन उचलत नाहीत. सात वेळा लावला. साडेअठरा हजार! पोळ्या लाटणाऱ्या बाईचे किती महिने होतात ते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज हिंगण्याला गेलो. पिंकीला सांगितलं नाही. कारखान्याचं नाव त्यांनी बोलताना घेतलं होतं, म्हणून फाटक सापडलं. पहिली पाळी सुटली. मोटारसायकलींचा लोंढा गेला, कंपनीच्या बसा गेल्या, आणि शेवटी कॅन्टीनच्या बायका निघाल्या. मला पाहताच रुख्मिणीबाईंच्या कपाळावर आठी.

"तुमी काहून आले इथं? मले नाई विकाचं ते."

मी पन्नास रुपये पुढे केले. म्हटलं, "हे वापस घ्या. मी खोटं नाई बोललो, बाई, पण चुकीच्या जागी बोललो. लोक हसले तं मी बी हसलो. ते माह्यं चुकलं."

बायका चालायच्या थांबल्या. रुख्मिणीबाईंनी त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं. मग फाटकाच्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "घरी मी पोरीले सांगून बसली, भाऊ. तुह्या फीचं झालं म्हणून. तिनं मैत्रिणींले पेढे देले." आणि पदर तोंडाला लावला.

इतकी वर्षं बसमध्ये बायकांना रडताना पाहिलं आहे, माहेराहून निघालेल्या, दवाखान्यातून परतणाऱ्या. अशा वेळी कंडक्टरने तिकीट मागायला थोडा उशीर करायचा असतो. म्हणून मी नुसता उभा राहिलो.

त्या शांत झाल्यावर विचारलं, "पैसे गेले काय?"

"नाई. सोमवारी देतो म्हनलं होतं. मंग तुमच्या बोलण्यानं मन खट्टू झालं, म्हणून बुधवारी देतो म्हनलं."

"मंग एक काम करा. तुमी त्याले भेटाले बोलवा. साडेअठरा हजार त्याच पाच लाखातून काटून घे म्हणा. खरा असन तं येईन. जागा तुमी सांगा."

त्यांनी विचार केला. "जिथं लोकं आपल्याले पाहतीन, पण आपलं ऐकू नाई जानार, अशी जागा पाहा."

मी दोन आठवडे शहरभर फिरलो आणि मला हे एक वाक्य सुचलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

जागा सापडली आणि ती घरापासून सात मिनिटांवर! आमच्या विहाराच्या मागे वाचनालय आहे. रामाजी नावाचे ऐंशीचे गृहस्थ ते उघडतात, झाडतात, पेपर लावतात. उत्तरेच्या खिडकीशी एक मोठं टेबल आहे, त्यावर दिवसभर सारखा उजेड असतो, ऊन येत नाही. पेपर वाचणारी म्हातारी मंडळी दुसऱ्या टोकाला. त्यांना आपण दिसतो, आणि ओरडलो तर ऐकू येईल. हळू बोललं तर कोणालाच काही नाही, कारण अर्ध्यांना तसंही ऐकू येत नाही.

रामाजींना विचारलं. ते म्हणाले, "नाण्यात बी लिहिलेलंच असते नं गा? मंग वाचाले इथं नाई तं कुठं बसशीन?"

५ फेब्रुवारी, बुधवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

रुख्मिणीबाई अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून अकरा वाजता आल्या. पिशवीत भिशीचे पैसे होते. म्हणजे अजून आशा होती. आम्ही खिडकीशी बसलो. मी आधी नाणं मागितलं. भिंग त्यांच्याच हातात दिलं आणि माझ्याजवळची तशीच चार नाणी शेजारी मांडली. म्हटलं, तुम्हीच पाहा, यात काही फरक दिसतो काय. त्यांनी दहा मिनिटं एकेक उलटसुलट करून पाहिलं. काठ पाहिले, साल पाहिलं, नकाशा पाहिला.

मग त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू केला, पण आवाज बेताचा ठेवला.

"मॅडम, आज लास्ट डेट है. पेमेंट कीजिए."

"पैसे तयार आहेत, साहेब. तुमीच या, घेऊन जा. नाणं बी घेऊन जा."

मग तो म्हणाला, आमचा माणूस येईल, आउटर रिंग रोडला पुलाखाली संध्याकाळी सातला, तुम्ही एकट्या या. रोख आणा.

"पुलाखाली काहून? मी वाचनालयात बसली हाय. टेबल हाय, खुर्च्या हायेत. चहा पाजतो."

"मॅडम, गव्हर्नमेंट का मामला है, पब्लिक प्लेस में नहीं होता."

"बरं, मंग साडेअठरा हजार पाच लाखातून काटून घ्या. बाकीचे मले द्या."

"ऐसा सिस्टम नहीं है."

"कोणती सिस्टम गा ही? माह्याच पैशातून माहेच पैसे निघत नाईत?"

तो आवाज चढवून बोलायला लागला. फाईल बंद होईल, तुमच्यावर केस होईल, पोलीस घरी येतील. बाईंनी पैशाची पिशवी जवळ ओढून घेतली. पेपरवाले आता इकडे बघत होते. रामाजी झाडू घेऊन दोन पावलं पुढे आले. बाईंनी रामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या पाच सारख्या नाण्यांकडे पाहिलं.

"पाठव पोलीस," त्या म्हणाल्या. "पत्ता लिहून घे. विहाराच्या मागचं वाचनालय. मी इथंच बसून राहते पाच वाजेपर्यंत. अन् तू बी ये त्यांच्यासोबत. माह्या एकवीसशेच्या पोळ्या मी तुले मोजून चारतो!"

फोन तिकडूनच कटला.

मग पेपरवाल्यांपैकी एक म्हातारे, ज्यांना ऐकू येत नाही असं मी समजत होतो, त्यांनी टाळी वाजवली. त्या थोड्या हसल्या, थोड्या रडल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. रामाजींनी चहा मागवला. मी पन्नास रुपये घेतले नाहीत, तर त्या म्हणाल्या, "घ्या. यावेळी बरोबर सांगतलं तुमी." मी तर काहीच सांगितलं नव्हतं. पण घेतले.

पोरीला काय सांगू, हे त्या जाताना पुटपुटत होत्या. पोलीस काही आले नाहीत.

गिऱ्हाइकाच्या भेटीला आज पहिल्यांदाच पिंकी कुठे भेटली नाही. तिच्या मैत्रिणी गावाला गेल्या असाव्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

पिंकीने रुख्मिणीबाईंना सोबत नेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार लिहवली. एकवीसशे परत मिळतील याचा भरवसा नाही म्हणे. त्यांच्या मुलीशीही पिंकी तासभर बोलली, सरकारी कॉलेजची फी किती, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी निघतो. मुलीने आईला विचारलं म्हणे, तू रडली काहून, पेढे तर मी उधारीत नाही घेतले.

मला पिंकी म्हणाली, "हिंगण्याले गेले होते नं तुम्ही?" मी हो म्हटलं. बोलणी बसतील वाटलं होतं. ताटात तिने माझ्यासाठी एक पोळी जास्त वाढली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रामाजींनी दर शनिवारी अकरा ते दोन खिडकीचं टेबल मला दिलं आहे. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, "नाणी पाहून मिळतील. हळू बोलावे." मागच्या शनिवारी कोणी आलं नाही. आज बारा वाजेपर्यंत कोणी नाही. मी पेपर वाचून संपवला, आणि आता कोण येणार, हा उद्योग म्हातारपणाचा खुळेपणा आहे, असं मनात यायला लागलं.

साडेबाराला दारात गलका. रुख्मिणीबाई, आणि त्यांच्यामागे कॅन्टीनच्या, पॅकिंगच्या, साफसफाईच्या मिळून अकरा बायका. मेट्रोने आल्या सगळ्या. कोणाच्या रुमालात, कोणाच्या डबीत, एकीच्या तर मंगळसूत्राच्या वाटीमागे कागदात गुंडाळलेलं. सगळ्यांनी तोच व्हिडिओ पाहिलेला. तिघींनी पैसेही पाठवलेले, पण लाजेने एकमेकींना सांगितलं नव्हतं. रुख्मिणीबाईंनी जेवणाच्या सुट्टीत आपलं सगळं उभं राहून सांगितलं, तेव्हा एकेक बाई बोलायला लागली.

मी म्हटलं, एकेकीने खुर्चीवर बसा, बाकीच्या तिकडे पेपरापाशी थांबा. म्हणजे जिचं तिलाच कळेल. पहिली बसली. मी भिंग तिच्या हातात दिलं, हळूच सांगितलं. तिने नाणं दोनदा उलटून पाहिलं. मग स्वतःच उठून सगळ्यांकडे वळून म्हणाली, "पाच रुपये वं! माह्यं पाच रुपयाचं निघालं!" तिकडे हशा. दुसरी बसली. "माह्यं एक रुपयाचं!" तिसरी म्हणाली, "मी तं तुह्याहून श्रीमंत हाय, माह्यं दहाचं." रामाजींचा "हळू बोलावे" कुठल्या कुठे गेला. पेपरवाले पेपर खाली ठेवून पुढचा आकडा ऐकायला बसले. पैसे पाठवलेल्या तिघींना रुख्मिणीबाईंनी बाजूला घेऊन तक्रार कुठे आणि कशी लिहायची ते सांगितलं, जणू त्यांनी आयुष्यभर हेच केलं आहे.

शेवटची एक तरुण बाई हसली नाही. तिला वेळ लागला. मी घाई केली नाही. रुख्मिणीबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि दोघी बराच वेळ खिडकीशी बसून राहिल्या.

अकरा नाण्यांपैकी एकही छापलेल्या आकड्याच्या वर गेलं नाही. साडेतीनला सगळ्या गेल्या. सत्तेचाळीस कप चहा झाला, आणि प्रत्येक कपावर रामाजी मला म्हणाले, "गा, तुह्या धंद्यात तोटा हाय."

घरी आलो तर घसा पार बसलेला. पिंकीने पाण्यात मीठ घालून गरम करायला ठेवलं आणि विचारलं, एवढं काय बोलले बाबा?

मी खुणेने सांगितलं, काही नाही, खरं सांगून सांगून बसला.